दादाचं पिंप

धाकट्याला धाकटा म्हणायला आता तसं काही कारण उरलं नव्हतं. केस पिकले होते, गुडघे जिन्यावर कुरकुरायचे, आणि ज्याच्यामुळे तो धाकटा होता तो दादा जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं. बागेत काम करणाऱ्या बायकांपासून बाटल्या न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्याला ‘धाकटे मालक’च म्हणायचे. मग थोरले मालक कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दादा म्हणजे काय विचारता! वडिलांचा, म्हणजे आबांचा उजवा हात, आबांचं नाक आणि आबांची जीभ. द्राक्षं कधी तोडायची ते आबा आकाशाकडे बघून ठरवायचे, दादा एक मणी दाताखाली फोडून ठरवायचा, आणि दोघांचा दिवस एकच निघायचा. धाकट्याचा कधी निघाला नाही. आता त्याला कुणी विचारलंच नव्हतं, हा भाग वेगळा.

मग एका हिवाळ्यात बागेच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि दादा त्याच्याखाली सापडला. त्या हंगामाची लाल वाईन नुकतीच पिंपांत भरून झाली होती. मोठी पिंपं पुढे विकावी लागली, घर तर चालायला हवं होतं. पण दरवर्षीसारखं एक छोटं पिंप दादानं घरासाठी म्हणून बाजूला काढलेलं होतं. ते आबांनी तळघराच्या आतल्या कोपऱ्यात, सगळ्यांत गार जागी हलवून घेतलं आणि सांगितलं, “याला कुणी हात लावायचा नाही. वेळ आली की मी सांगेन.” तेव्हापासून त्याला सगळे ‘दादाचं पिंप’ म्हणू लागले.

बाग धाकट्याच्या गळ्यात पडली. लग्न वगैरे राहूनच गेलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पहिल्याच वर्षी तोडणीला माणसं कमी पडली. आबांच्या घरची पद्धत अशी की घडातला मणी न् मणी देठापासून सोडवायचा आणि मगच टाकीत टाकायचा. देठ आत गेला की वाईन कडू होते, हे आबांचं ठाम मत, आणि आबांचं मत म्हणजे घरातला कायदा. पण एवढे मणी सोडवणार कोण? धाकट्यानं जीव मुठीत धरून निम्मे घड देठासकट टाकीत टाकले. आबांना ते पहिल्या घोटालाच कळलं. त्यांनी घोट थुंकला, तोंड पुसलं आणि म्हणाले, “देठ चघळतोय असं वाटतं. दादानं असलं काही केलं नसतं.”

गंमत अशी की धाकट्याला ती वाईन आवडली होती. नवी असताना ती खरंच रुक्ष होती, जिभेला ओरबाडायची. पण दोनचार वर्षं बाटलीत पडून राहिली की त्या कडवटपणाचं काहीतरी निराळंच व्हायचं. शेवटी काळ्या चहासारखी कोरडी चव मागे राहायची, आणि वाळलेल्या पानांचा वास यायचा. मग माणसं पुरेशी मिळाली तरी तो थोडे घड देठासकटच टाकत राहिला. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यानं आबांचं न ऐकता केली.

आबा दर हंगामाला खाली यायचे. टाकीची चावी फिरवून पेल्यात बोटभर घ्यायचे, हुंगायचे, तोंडात घोळवून थुंकायचे. “पिण्यासारखी आहे,” म्हणायचे आणि जिना चढून निघून जायचे. वर्षानुवर्षं हेच. मुरलेली बाटली त्यांनी कधी मागितली नाही, आणि आपण होऊन पुढे ठेवायचा धीर धाकट्याला झाला नाही. गिऱ्हाइकं दुरून यायची, बाटल्या छातीशी धरून न्यायची. त्याचं त्याला काही नव्हतं. आबांच्या तोंडून एकदा ‘चांगली’ एवढा शब्द ऐकायचा, या आशेवर तो म्हातारा होत चालला होता. हसू येईल कुणाला, पण तसंच होतं.

आता पिंपाचं एक सांगायला हवं. लाकूड वाईन पितं. पिंपाचं बूच कितीही घट्ट बसवा, आतली पातळी हळूहळू उतरतेच, आणि वर हवा साचली की वाईन आंबूस होऊन हातची जाते. म्हणून पिंप कायम काठोकाठ भरलेलं ठेवायचं. घरात या कामाला ‘तहान भागवणं’ म्हणायचे. बाकीच्या पिंपांची तहान धाकटा भागवायचा, पण दादाच्या पिंपाला आई त्याला शिवू द्यायची नाही. ती स्वतः किटली घेऊन जिना उतरायची, बूच काढायची, आणि लहान मुलाला दूध पाजावं तशी हळूच धार धरायची. भर घालायला दादाच्याच वाईनची एक मोठी काचेची बरणी सुरुवातीला बाजूला भरून ठेवलेली होती.

“हे पिंप मेलं फार पितं,” आई अधूनमधून स्वयंपाकघरात म्हणायची. “बाकीची बघ, कशी शहाण्यासारखी राहतात. हे दादासारखंच. घटाघटा!”

वहिनी तेव्हा ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुसत असायची. ती माहेरी गेली नाही. आबा म्हणाले होते, “जा बाई, वय आहे तुझं,” पण ती राहिली. तळघरात बाटल्यांना लेबलं चिकटवायचं काम तिनं मागून घेतलं. दुपारची जेवणं झाली की ती खाली जायची आणि चहाच्या वेळेला वर यायची. डोळे थोडे लाल असायचे. तळघरातल्या धुळीनं होतं, असं ती सांगायची आणि सगळे ते मान्य करायचे.

मग एका वर्षी पानगळीला आबा आजारी पडले. डॉक्टर आले, तपासलं, बाहेर ओसरीत येऊन धाकट्याला म्हणाले, “आता पथ्य कसलं? मागतील ते द्या.” आबांना बहुतेक डॉक्टरांच्या आधीच कळलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला टेकून बसत त्यांनी सांगितलं, “दादाचं पिंप उघडा.”

सगळं घर त्यांच्या खोलीत जमलं. सगळं घर म्हणजे आई, वहिनी आणि धाकटा, आणखी कोण उरलं होतं? आबांनी हट्टानं धुतलेला सदरा घालून घेतला होता. धाकट्यानं काचेच्या नळीनं पिंपातून वाईन काढून सुरईत भरून आणली. रंग सुरेख उतरला होता, कडेला विटकरी छटा आलेली. त्यानं चार पेल्यांत थोडी थोडी ओतली.

आबांनी पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले. किती वेळ ते तसेच होते. मग घोट घेतला, आणि थुंकला नाही. गिळला. आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“आला,” ते म्हणाले. “अगं, आला बघ तो. हाच त्याचा हात.”

आईनं पदर तोंडाला लावला. धाकट्यानं आपला घोट घेतला, आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

काळ्या चहाची कोरडी चव. वाळलेली पानं. देठ! दादानं जन्मात एक देठ टाकीत जाऊ दिला नव्हता. त्यानं पुन्हा घोट घेतला. संशयाला जागाच नव्हती. आपलं पोर गर्दीत पाठमोरंही ओळखू येतं, तशी त्यानं ती ओळखली. ती त्याची होती.

“बघ, बघ,” आबा त्याला म्हणत होते, “शेवटी काय राहतं तोंडात ते बघ. असा कोरडा घोट मी आयुष्यात चाखला नाही. याला म्हणतात वाईन. शीक रे काहीतरी.”

“हो, आबा,” धाकटा म्हणाला. त्यानं वहिनीकडे पाहिलं. तिनं पेला ओठाला लावला होता, पण तिची नजर जमिनीवर होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

आबांना झोप लागल्यावर तो तडक स्वयंपाकघरात गेला. आई भाजी निवडत होती, म्हणजे नुसतीच हातात घेऊन बसली होती.

“आई, त्या पिंपात तू काय घालत होतीस?”

“काय घालत होते म्हणजे? वाईन.”

“कुठली?”

आईनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. “दादाची बरणी किती दिवस पुरणार रे? दुसऱ्याच वर्षी संपली. मग काय पिंप कोरडं पडू देऊ? खराब होऊ देऊ? तुझ्याच जुन्या बाटल्या फोडत गेले. तुझी काय परकी आहे?”

गेली कित्येक वर्षं फडताळातल्या बाटल्या कमी व्हायच्या, आणि आई स्वयंपाकात फार वापरते असं धाकटा समजत आला होता. त्याबद्दल त्यानं एकदोनदा तिला चिडवलंही होतं.

“पण आई, लाकूड पिऊन पिऊन पिणार किती? निम्म्याहून जास्त तरी दादाची राहायला हवी होती. त्यात दादाची थेंबभरही लागत नाही जिभेला.”

“मी सांगत नव्हते, फार पितं म्हणून?”

“ते पीत नव्हतं, आई.” दारात वहिनी उभी होती. “मी पीत होते.”

वहिनी आत आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

“रोज नाही,” ती म्हणाली. “म्हणजे आधी रोज नाही. लेबलं लावता लावता एवढासा पेला काढायचे. त्यांच्या हाताला तोच वास यायचा ना, घरी आले की. पिंप तर कायम भरलेलंच दिसायचं. मला वाटायचं, बरणीतली घालताय तुम्ही. त्यांचीच आहे, त्यांच्यातच पडतेय. किती का प्यायले तरी संपत नाही, याचाच केवढा आधार वाटायचा मला. मग हळूहळू चव बदलल्यासारखी वाटली. तर मी म्हटलं, मुरली असेल.” तिनं गुडघ्यांत तोंड खुपसलं. “मला कळायला हवं होतं. बायको आहे मी त्यांची.”

“सांगितलं नाहीस एका शब्दानं?” आई ओरडलीच. “मी मेली वरून भरतेय, भरतेय! माझ्या पोराची शेवटची...”

“तुम्ही तरी कुठं सांगितलंत, आई?”

आईचा राग तिथंच संपला. ती उठली, वहिनीजवळ जाऊन बसली, आणि मग दोघी अशा रडल्या की धाकट्याला खिडकीबाहेर बघत उभं राहावं लागलं. एकीनं जपायला ओतलं, एकीनं जपायला प्यायलं, आणि दोघींनी मिळून त्याला पार संपवून टाकलं. कुणाला दोष द्यायचा? दादाची एवढी एकच वस्तू घरात जिवंत होती. धाकट्यालाही गळा काढून रडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी आत कुठंतरी, लाज वाटावी असं, एक लहान पोर टुणटुण उड्या मारत होतं. आबा माझी वाईन पिऊन रडले. माझी!

वहिनीनं डोळे पुसले. तिला बहुतेक त्याच्या तोंडावर दिसलं असावं.

“भाऊजी, सांगा त्यांना,” ती म्हणाली. “तुमची आहे ती. तुम्ही किती वाट बघितलीय, मला माहीत आहे.”

“वेड लागलंय का?” आई म्हणाली. “मरताना पोर परत मिळालंय त्यांना. कुणी ब्र काढायचा नाही.”

“नाही सांगणार,” धाकटा म्हणाला. आणि त्या क्षणी ते खरं होतं.

दुपारी आबा जागे झाले तेव्हा त्यांना चांगलीच तरतरी आली होती. सुरई उशाशीच होती. धाकट्याला बघून त्यांनी हातानं पलंगावर थोपटलं. धाकटा टेकला.

“तुला मी फार बोललो रे,” आबा म्हणाले. “सारखं दादा, दादा. तुला राग येत असेल.”

“नाही, आबा. काहीतरीच काय.”

“येत असेल. यायलाच हवा. पण मी तरी काय करू? मला वाटायचं, तो गेला आणि त्याचा हातही गेला. तुला शिकवायला हवं होतं, पण शिकवायला बसलो की तोच आठवायचा. मग चिडायचो.” त्यांना धाप लागली. जरा थांबून ते म्हणाले, “आता शिकवतो. डोळे मिटायच्या आधी एवढं करू दे मला. जा, तुझी एक बाटली घेऊन ये. दोन्ही शेजारी ठेवू. तू कुठं चुकतोस ते दाखवतो.”

धाकटा जिना उतरून तळघरात आला. समोर फडताळाच्या खालच्या फळीवर नवी वाईन होती, यंदा बाटलीत भरलेली. रुक्ष, कडू, जीभ ओरबाडणारी. ती नेली की झालं. आबा तोंड वाकडं करतील, देठांवर भाषण देतील, सुखानं शिकवतील, आणि दादा दादाच्या जागी राहील. त्यानं ती बाटली उचललीसुद्धा. सहा पावलं जिन्याकडे गेलाही.

मग तो परत फिरला. का, ते त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. आबांनी आता आता पलंगावर थोपटलं होतं. इतकी वर्षं कुणी शेजारी बसवलं नव्हतं, आणि एकदा बसवल्यावर त्याला आणखी हवं झालं. एकदाच, त्यानं स्वतःला सांगितलं. फार तर त्यांना वाटेल, धाकटाही दादासारखीच करतो. एवढंच वाटेल. त्यानं नवी बाटली खाली ठेवली आणि वरच्या फळीवरची जुनी काढली, धूळ बसलेली.

आबांनी दोन पेले मांडून घेतले. सुरईतली एकात, बाटलीतली दुसऱ्यात. “रंग बरा आहे तुझा,” ते म्हणाले. त्यांनी दुसऱ्या पेल्यातला घोट घेतला आणि तोंडात घोळवायला लागले. त्यांचा जबडा मधेच थांबला. त्यांनी पहिल्यातला घोट घेतला. मग पुन्हा दुसऱ्यातला. शरीर सगळं झडलं होतं, पण जीभ शाबूत होती त्यांची, हे धाकटा कसा विसरला देव जाणे.

“ही तुझी,” आबा हळू म्हणाले.

“हो.”

त्यांनी सुरईतल्या वाईनचा पेला उजेडात धरला. “आणि ही पण तुझीच.”

ते विचारत नव्हते. धाकट्याला खोटं बोलता आलं असतं, पण आबांच्या डोळ्यांसमोर त्याला लहानपणीही कधी जमलं नव्हतं. त्यानं सगळं सांगून टाकलं. आईची किटली, वहिनीचा पेला, सगळं. आबा ऐकत होते. शेवटी त्यांनी पेला खाली ठेवला.

“चांगली झालीय,” ते म्हणाले. “फार चांगली केलीयस रे. देठांचं तुझंच बरोबर होतं. मी आंधळा.” त्यांनी त्याच्या गालाला हात लावला.

झालं. आयुष्यभर ज्याच्यासाठी थांबला होता ते त्याला मिळालं, मागितल्यापेक्षा जास्त मिळालं. त्याला वाटलं होतं, ऐकल्यावर छाती भरून येईल. पण आबांची नजर त्याच्यावरून सरकून खोलीभर फिरत होती. दाराकडे, कोपऱ्यात, खिडकीकडे.

“मग तो कुठं गेला?” त्यांनी विचारलं.

“आबा...”

“सकाळी होता रे. मी प्यायलो त्याला. इथं होता, जिभेवर. आता कुठं गेला?”

ट्रॅक्टरखालून दादाला काढलं त्या दिवशी आबा रडले नव्हते. माणसांना सांगत उभे होते, इकडून धरा, सांभाळून. ते आता रडायला लागले, मोठ्यानं, पोरासारखे, दादाला हाका मारत. आई आणि वहिनी धावत आल्या आणि दारातच थबकल्या. धाकट्यानं आबांना कवेत घेतलं. सदऱ्यातून हाडं हाताला लागत होती. “चुकलं, आबा. माझं चुकलं. मी नवीच आणायला हवी होती,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, पण आबांना ते ऐकू जात नव्हतं.